थंडीत रमणारं ऑर्किड: मास्डेव्हॅलिया

ऑर्किड म्हटलं की उष्ण, दमट हवा हवी, असं आपण धरूनच चालतो. मास्डेव्हॅलिया व्हिचियाना मात्र पेरूच्या अँडीज पर्वतातलं, माचू पिच्चूच्या परिसरातलं. दिवसा २०-२२ आणि रात्री १०-१३ अंश मिळाले की स्वारी खूश! फूल जवळून बघाच. तीन मोठी केशरी निदलं तळाशी जुळलेली, त्यांवर बारीक जांभळी लव. तिरपा उजेड पडला की रंग पालटतो. खऱ्या पाकळ्या इतक्या इवल्याशा, की आत डोकावून शोधाव्या लागतात.

पाणी साठवणारा फुगीर कंद याला नसतो. त्यामुळे कुंडीतलं स्फॅग्नम मॉस कोरडं पडता कामा नये, पण चिंब ठेवलंत तर मुळं कुजलीच म्हणून समजा. पाणी पावसाचं किंवा आरओचं. बोअरचं अजिबात नको. कुंडी लहान, खत पातळ, खिडकी पूर्वेची, शेजारी छोटा पंखा.

पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात एसीशिवाय याच्या नादी लागू नका. लंडन-एडिंबराकडच्या मंडळींनो, तुमची हीटर न लावलेली खोली मात्र याला झकास! फक्त पारा दहाच्या खाली जाऊ देऊ नका.