स्कूटरवरून साडेतीनशे सीसीवर : परवान्यात नसलेली पायरी

गोव्यातील अनेक तरुण दुचाकी शिकतात ती गिअर नसलेल्या स्कूटरवर. महाविद्यालय, शिकवणी, पहिली नोकरी असा प्रवास तिच्यावरच होतो. पुढे पगार स्थिरावला की साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलचे वेध लागतात. कायद्याच्या दृष्टीने हा बदल किरकोळ असला, तरी हातापायांना लागलेल्या सवयींच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे मोटारसायकलच्या परवान्याचे प्रमुख प्रकार दोनच : गिअरविना आणि गिअरसह. दुसरा परवाना एकदा हाती आला की शंभर सीसी आणि हजार सीसी यांत कायदा भेद करीत नाही. युरोपीय संघात मात्र शक्तीनुसार पायऱ्या आखलेल्या आहेत. तेथे पहिली पायरी १२५ सीसी व ११ किलोवॅटपर्यंतची, तर दुसरी ३५ किलोवॅटपर्यंतची आहे. दुसऱ्या पायरीवर दोन वर्षे काढल्यावरच तरुण चालकाला पूर्ण परवान्याकडे जाता येते. अशी पायरी आपल्या कायद्यात नसल्याने ती चालकाने स्वतःच आखून घ्यावी लागते.

येथे एक गोष्ट आधी तपासावी. परवाना केवळ गिअरविना वाहनाचा असेल, तर त्यावर मोटारसायकल चालवणे बेकायदा ठरते आणि अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येते.

डाव्या हाताची सवय

११० सीसी स्कूटरचे वजन शंभर किलोंच्या थोडे वर आणि शक्ती सुमारे आठ अश्वशक्ती असते. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आणि शक्ती सुमारे वीस अश्वशक्ती आहे. म्हणजे वजन जवळपास दुप्पट, तर शक्ती अडीचपट. नवख्याचे लक्ष शक्तीकडे असते. पण खरा धोका अनेकदा ब्रेकमध्ये दडलेला असतो.

स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात. त्यातही अनेक जण डाव्या हाताच्या ब्रेकवरच विसंबतात. मोटारसायकलवर डाव्या हाताशी क्लच असतो, मागचा ब्रेक उजव्या पायाशी आणि पुढचा उजव्या हाताशी. अचानक गुरे आडवी आली की विचाराला वेळ नसतो. हात जुन्या सवयीने चालतो. डावा हात आवळला जातो, पण ब्रेक लागत नाही. उलट क्लच दाबला गेल्याने इंजिनाचा रोधही सुटतो आणि जड गाडी पुढे वाहत राहते.

दुसरी अडचण वेगाची. मोठ्या इंजिनावर ताशी ८० किलोमीटरचा वेगही संथ भासतो. ताशी ४० च्या वेगात चालकाचे भान सावरून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद धरला, तरी कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे २१ मीटरांत थांबते. वेग ८० असेल तर हेच अंतर ६० मीटरांच्या पुढे जाते. वेग दुप्पट झाला, की प्रत्यक्ष ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते.

सन २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरू नये, हे त्याचे काम. पण ओल्या रस्त्यावर किंवा सुट्या खडीवर गाडी लवकर थांबवण्याची जादू त्याच्यापाशी नाही.

पायरी कशी आखावी?

पहिले काही दिवस मोकळे मैदान गाठावे. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलणे, स्टँडवर चढवणे आणि उतरवणे येथून सुरुवात करावी. जड गाडी उभ्यानेच कलंडण्याचे प्रसंग अधिक येतात. मग अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांच्या आधारे अगदी हळू वळणे घ्यावीत. त्यानंतर ताशी २०, ३० आणि ४० च्या वेगातून सरळ रेषेत थांबण्याचा सराव करावा. पुढचा ब्रेक झटक्याने न आवळता क्रमाने दाबावा. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे सरकतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाकच करते. हा सराव हात आपसूक योग्य जागी जाईपर्यंत चालू ठेवावा.

मागे कोणाला बसवणे, रात्रीचा प्रवास, पाऊस आणि घाट हे सारे त्यानंतर, तेही एकेक करून. चोर्ला किंवा अनमोड घाटात उतरताना वळणाआधीच वेग आणि गिअर कमी करावा. इंजिनाचा रोध वापरल्यास ब्रेक तापत नाहीत. पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा निसरडा थर होतो, तेव्हा विशेष जपावे.

गाडी घेण्यापूर्वीच हे सारे पारखायचे असेल, तर गोव्यात सोय हाताशी आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या दुचाकींत साडेतीनशे सीसीच्या गाड्याही मिळतात. गिअरसह परवाना आणि चांगले हेल्मेट जवळ असेल, तर दोन-तीन दिवसांचे भाडे मोजून वजन पेलवते का, पाय जमिनीला नीट टेकतात का, हे कळते. लाखो रुपयांच्या खरेदीआधी एवढा खर्च आणि एवढा धीर परवडण्याजोगा आहे.