१९५७ सालचं नाणं म्हणजे नेमकं कोणतं?

आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. ते गेल्यावर माळ्यावर तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला, गळ्यापर्यंत नाण्यांनी भरलेला. एक राणीछाप रुपया, भोकाचे पैसे, आणे, चवल्या, पावल्या आणि ढीगभर नवे पैसे. काका म्हणाले, "तुला काय ठेवायचं ते दिवाळीपर्यंत सांग. बाकीचं मी मोडीत किलोवर देऊन टाकतो."

मी तेच केलं जे तुमच्यातले बरेच जण सिनॉप्सिस लिहिताना करतात. विषय घेतला 'भारतीय नाणी'. एक्सेल उघडलं, बावीस रकाने केले, आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की भरलेला रकाना एकही नाही. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसवर समितीने दोनच शब्द लिहिले होते, "व्याप्ती ठरवा." तेव्हा फार राग आला होता. त्या डब्यासमोर बसल्यावर ते शब्द पटले.

मग ठरवलं, एकच साल घ्यायचं. संग्राहकांमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. कोणी राजा निवडतो, कोणी धातू, कोणी टांकसाळ, आणि कोणी एक साल.

पहिली निवड चुकली. राणीछाप रुपयावर १८६२ होतं, डब्यातलं सगळ्यात जुनं आणि देखणं नाणं. म्हटलं, १८६२ च घेऊ. थोडं वाचल्यावर कळलं की १८६२ साल छापलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते! टांकसाळीने साल बदललंच नाही. मुंबईच्या टांकसाळीने आतल्या आत हिशोब ठेवायला नाण्यावर बारीक ठिपके वापरले, आणि आज अभ्यासक ते ठिपके मोजून खरं वर्ष ठरवतात. त्याआधी कंपनी सरकारच्या १८४० च्या रुपयाचंही असंच झालं होतं, तेच साल पुढे वीसेक वर्षं चाललं. म्हणजे 'माझा संग्रह १८६२ सालचा' हे वाक्य दिसायला काटेकोर, पण आत बारा वर्षांचा घोळ.

इथे जरा थांबा, कारण विषय निवडताना हीच जागा आपण पळत ओलांडतो. 'अमुक सालचं नाणं' याचे निदान तीन अर्थ होतात. ज्यावर ते साल छापलंय ते नाणं. त्या वर्षी टांकसाळीत प्रत्यक्ष पाडलेलं नाणं. आणि त्या वर्षी लोकांच्या हातात फिरत असलेलं नाणं. तीन अर्थ, तीन वेगळे संग्रह. कुठला घेतला हे लिहून ठेवलं नाही, तर पुढे सोयीप्रमाणे एकातून दुसऱ्यात घसरत जातो आणि आपल्याला कळतही नाही.

शेवटी १९५७ घेतलं. कारण अगदी साधं. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. गोंधळ नको म्हणून त्या पैशाला 'नया पैसा' म्हटलं गेलं, आणि १ जून १९६४ ला त्यातला 'नया' गळला. आजोबा तेव्हा गल्ल्यावर बसत होते. म्हणजे हे साल घरातलंही होतं.

साल छापलेलं नाणं हा पहिला अर्थ घेतला की काम एकदम आवाक्यात येतं. १९५७ ची मूल्यं पाचच: १, २, ५, १० आणि २५ नवे पैसे. एक पैसा ब्राँझचा, दीड ग्रॅमचा, आणि त्यावर हिंदीत रुपयाचा शंभरावा भाग असल्याचं लिहिलेलं, लोकांना हिशोब कळावा म्हणून. २ आणि १० च्या कडा नागमोडी, ५ चौकोनी, २५ गोल. १० चं नाणं २५ पेक्षा मोठं आणि वजनाला दुप्पट, ५ ग्रॅम आणि अडीच ग्रॅम. याचं मला फार आश्चर्य वाटलं. उत्तर धातूत आहे. २५ शुद्ध निकेलचं, १० तांबं-निकेलच्या मिश्रणाचं. फ्रिजवरचं चुंबक आणून बघा: २५ नवे पैसे चिकटतात, १० चिकटत नाहीत. निकेल चुंबकाला ओढलं जातं, पण त्यात तीन चतुर्थांश तांबं मिसळलं की नेहमीच्या तापमानाला तो गुण जातो. एका रुपयाच्या चुंबकाने होणारी ही चाचणी मी लॅबमधल्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त वेळा वापरली.

५० पैसे आणि रुपया का नाहीत, हाही प्रश्न पडला पाहिजे. ५० नव्या पैशांचं नाणं १९६० ला आलं, दशमान रुपया १९६२ ला. जुना अर्धा रुपया बरोबर ५० पैशांचा होता आणि रुपया तर रुपयाच राहिला, त्यामुळे ती घाई नसावी असा माझा अंदाज. अडचण आण्याची होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा देणार कुठून? एक आण्याची वस्तू सहा पैशांना दिली तर दुकानदार पाव पैशाने बुडतो, सातला दिली तर गिऱ्हाईक भांडतं. आजी सांगते, त्या वर्षी आजोबांनी आण्याच्या वस्तू सुट्या विकायच्या बंद करून चार-चारचे पुडे बांधले, कारण चार आणे म्हणजे बरोबर पंचवीस पैसे.

ही हकीकत ऐकली आणि माझी व्याख्या मलाच अपुरी वाटायला लागली. कारण आजोबांच्या गल्ल्यात त्या एप्रिलमध्ये नवे पैसे थोडेच असणार. बाकी १९५० नंतरचे सिंहमुद्रेचे आणे, आणि त्याआधीचे सहाव्या जॉर्जचेही, कारण स्वातंत्र्यानंतर नवी नाणी येईपर्यंत १५ ऑगस्ट १९५० उजाडला होता. तिसरा अर्थ घेतला असता तर डब्यातली अर्धी नाणी '१९५७ ची' ठरली असती. प्रश्न जास्त रंजक, पण पुरावा कच्चा: कुठलं नाणं तेव्हा गल्ल्यात होतं आणि कुठलं नंतर डब्यात पडलं, हे नाणं सांगत नाही. मी पहिल्या अर्थावरच राहिले. रंजक प्रश्न सोडताना वाईट वाटतं. वाटू द्या.

आता तक्ता. पाच मूल्यं आडवी, तीन टांकसाळी उभ्या: मुंबई, कोलकाता, हैदराबाद. पंधरा घरं. मुंबईची खूण सालाखाली छोटा हिरा, हैदराबादची वेगळी, आणि कोलकात्याची खूण म्हणजे खूणच नाही. पहिल्या आठवड्यात माझा कोलकात्याचा कॉलम धडाधड भरला. मी खूश. मग भिंग घेतलं. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सालाखालची जागाच झिजून सपाट झाली होती. 'खूण नाही' आणि 'खूण दिसत नाही' या दोन गोष्टी मी एकाच घरात टाकल्या होत्या. प्रयोगाच्या वहीत 'शून्य' आणि 'मोजलं नाही' यांत जो फरक, तोच हा. अख्खा कॉलम पुसून पुन्हा भरला.

रिकाम्या घरांचंही तसंच. घर रिकामं म्हणजे मला नाणं मिळालं नाही, की त्या टांकसाळीने ते पाडलंच नाही? हे डबा सांगू शकत नाही, त्यासाठी छापील कॅटलॉग बघावा लागतो. आणि कॅटलॉग आधी बघायचा, पुण्याच्या जुन्या बाजारात नंतर जायचं. उलट केलं की नसलेलं नाणं शोधत रविवार जातात. माझे दोन गेले.

एक कळकळीची सूचना: नाणी चिंच-मीठ लावून घासू नका. आजीने प्रेमापोटी सात-आठ पैसे लखलखीत करून दिले. त्यांच्यावरची खूणही थोडी घासली गेली. तिला काही बोलले नाही, पण ती नाणी तक्त्यात घेता आली नाहीत.

दिवाळीला काकांना चाळीस नाण्यांचं एक पाकीट दाखवलं आणि बाकीचा डबाही मोडीत देऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, "चाळीसच पाहिजेत, मग बाकीचा कशाला?" तिसऱ्या अर्थाबद्दल सांगायला लागले तर अर्ध्यातच म्हणाले, "बरं, राहू दे माळ्यावर."

त्या चाळिसांत एक दोन पैशांचं नाणं आहे, सालाखाली काहीतरी उंचवटा आहे, हिरा असेल किंवा नुसता ओरखडा. तिरप्या उजेडात तीन वेळा पाहिलं, तीन वेळा मत बदललं. त्याच्यापुढे सध्या 'अनिश्चित' लिहिलं आहे.