वानखेडे ते नेरूळ: मस्करीच्या नावाखाली

१७ ऑक्टोबर २००७. वानखेडेवर भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू होता आणि प्रेक्षकांतले काही जण ऑस्ट्रेलियाच्या कृष्णवर्णीय अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडासारखे हावभाव करत होते. त्याआधी बडोद्यातही तेच झालं होतं. मुंबईत फोटो छापून आले, पोलिसांनी चौघांना ताब्यात घेतलं. घरोघरी सूर मात्र एकच: ऑस्ट्रेलियन काय कमी शिवीगाळ करतात? त्या स्टँडमध्ये शाळकरी मुलंही होती. ती आज तिशीत आहेत, आणि त्यांच्या वयाची कितीतरी मंडळी संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून दुसऱ्यांच्या मुलांना खेळ शिकवतात.

हा रोग बाहेरून आला, असंही म्हणायची सोय नाही. दलित गोलंदाज पालवणकर बाळू पुण्यात हिंदू संघाला विकेटी काढून देत होते तेव्हा त्यांचा चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात यायचा. त्यांचा भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचा कर्णधार झाला, तोही बरीच भांडणं झाल्यावर.

नवी मुंबईत चित्र पालटेल असं वाटायला लावणारं वर्ष म्हणजे २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. माली, नायजर, घाना या देशांची पोरं आपल्या डोळ्यांसमोर खेळली. माली तर स्पेनविरुद्धच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचला. भारताच्या संघात मणिपूरची मुलं सर्वांत जास्त होती, आणि विश्वचषकात भारताचा पहिला गोल केला तो जॅक्सन सिंगने, तोही मणिपूरचाच. पोरांनी त्या नावांचे टी-शर्ट मागितले. पण मैदानावर ईशान्येकडचा मुलगा आला की हाक तीच, ‘ए मोमो’.

वाशीत आसाम, मिझोराम, अरुणाचलची भवनं आहेत. टाटा रुग्णालयात उपचारांसाठी येणारी कुटुंबं तिथे उतरतात. म्हणजे हे चेहरे या शहराला नवे नाहीत. तरी मार्च २०२० मध्ये, कोरोना आल्या आल्या, ईशान्येकडच्या लोकांना ‘कोरोना’ म्हणून हिणवलं जाऊ लागलं आणि केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवून हे थांबवा म्हणून सांगावं लागलं. जूनमध्ये वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीने उघड केलं की आयपीएलच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला ‘काळू’ म्हणायचे. तो बिचारा त्याचा अर्थ ‘तगडा’ असा समजत होता. नंतर एका सहकाऱ्याने त्याला सांगितलं की ते प्रेमापोटी होतं. मराठी मैदानांवर हे उत्तर इतकं ओळखीचं आहे की मला हसूच आलं.

या सगळ्या काळात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १० जानेवारी २०२१ चा दिवस. सिडनी कसोटीत सीमारेषेवर उभ्या मोहम्मद सिराजला शिवीगाळ झाली. पोरगा पहिलीच कसोटी मालिका खेळत होता, वडील दीड-दोन महिन्यांपूर्वी गेलेले. तो कर्णधार अजिंक्य रहाणेकडे गेला आणि रहाणेने पंचांना गाठलं. खेळ काही मिनिटं थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. (ते सहाजण दोषी नव्हते, असं पुढे चौकशीत निघालं, शिवीगाळ झाली हे मात्र ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने मान्य केलं.) मैदान सोडायचा पर्याय होता, तो रहाणेने घेतला नाही. तक्रार करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, खेळ थांबवायचा, आणि मग तो पुढे चालू ठेवायचा. प्रशिक्षकाला याहून वेगळा अभ्यासक्रम लागत नाही.

नेरूळच्या एका मैदानावर मी हेच लहान प्रमाणात पाहिलं. पाणी प्यायच्या सुटीत कुणीतरी ‘मोमो, बाटली दे’ म्हणालं. सरांनी शिट्टी वाजवली. ‘अहो सर, मस्करी करत होतो.’ ‘हसला का तो?’ एवढंच विचारून त्यांनी मुलाला त्याच्या नावाने बोलावलं, फ्री किक त्याच्याकडे दिली आणि खेळ पुढे चालू केला. भाषण नाही, सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं नाही. माफीच्या तमाशात बहुतेक वेळा लाज वाटते ती ज्याला चिडवलं त्यालाच.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी याच नेरूळच्या स्टेडियमवर नायजेरियाच्या सतरा वर्षांखालील मुलींनी जर्मनीला पेनल्टीवर हरवून विश्वचषकाचं कांस्यपदक जिंकलं. नवी मुंबईच्या बातम्यांत नायजेरिया हा शब्द येतो तो बहुतेकदा अमली पदार्थांच्या छाप्याबरोबर. या मुली किती जणांना आठवतात?

उन्हाळी शिबिरात मुलांची नावं घालताना आपण फी, बूट, वेळ सगळं विचारतो. एक प्रश्न वाढवा: कुणी माझ्या मुलाला रंगावरून, चेहऱ्यावरून, जातीवरून हाक मारली, किंवा माझ्याच मुलाने दुसऱ्याला मारली, तर तुम्ही शिट्टी वाजवता का? आणि उत्तर ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ असं आलं, तर दुसरं मैदान बघा.