घंटा नव्हे, तेल!

‘हॅम्लेट’च्या पहिल्याच अंकात राजाचं भूत मुलापुढे गाऱ्हाणं मांडतं. भावाने झोपेत कानात विष ओतून मारलं, वर मरण्यापूर्वीचे धर्मसंस्कारही होऊ दिले नाहीत! या गाऱ्हाण्यात ‘अनअनील्ड’ असा एक शब्द येतो. ज्याच्यासाठी मृत्यूची घंटा वाजली नाही तो, असा त्याचा अर्थ आजही छातीठोकपणे सांगितला जातो. कारण काय, तर मृत्युघंटेला इंग्रजीत ‘नेल’ म्हणतात. कानाला जुळलं, की झाली व्युत्पत्ती.

ही चूक मात्र ऐऱ्यागैऱ्याची नाही. कवी अलेक्झांडर पोपने १७२५च्या आपल्या शेक्सपिअर-आवृत्तीत हाच अर्थ दिला होता. पुढच्याच वर्षी लुईस थिओबाल्डने ‘शेक्सपिअर रिस्टोअर्ड’मध्ये पोपच्या चुकांचा पाढा वाचला; त्यात हीसुद्धा होती. पोपने १७२८मध्ये ‘डन्सियड’ या उपहासकाव्यात थिओबाल्डला मूर्खांचा राजा करून उट्टं काढलं. म्हणून घंटा खरी ठरली, असं थोडंच आहे?

जुन्या इंग्रजीत तेलाला ‘एले’ म्हणत; मूळ लॅटिन ‘ओलेउम’. त्याला ‘वर’ या अर्थाचा उपसर्ग लागून मध्ययुगीन इंग्रजीत ‘अनील’ हे क्रियापद झालं: तेल लावणे, विशेषतः मरणाच्या दारातल्या माणसाला धर्मगुरूने पवित्र तेल लावणे. ‘अनअनील्ड’मधला पहिला ‘अन’ नकाराचा, दुसरा ‘वर’चा. शिवाय राजाची तक्रार आत्म्याच्या तयारीबद्दल आहे. शेवटचा प्रसाद मिळाला नाही, पापांचा कबुलीजबाब राहिला, त्या रांगेत तेलच बसतं. घंटा हा काही संस्कार नव्हे.

वर्कशॉपमधलं ‘अनीलिंग’, म्हणजे धातू किंवा काच तापवून सावकाश थंड करणं, याचा इथे काडीचा संबंध नाही. ते ‘पेटवणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आलं. ‘अनॉइंट’ हा अर्थाने शेजारी, पण तो फ्रेंचमार्गे आला आणि त्याचं लॅटिन मूळही वेगळं.

आणि कॅथलिकांमध्ये हे तेल फक्त मरणाऱ्यालाच लावतात, असंही नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्येच या संस्काराला ‘रुग्णाभ्यंग’ हे नाव अधिक योग्य ठरवलं. ऑलिव्हचंच तेल हवं, ही अटही १९७२मध्ये पोप सहाव्या पॉलने सैल केली. ते मिळत नसेल तिथे दुसरं वनस्पतिजन्य तेल चालतं.