पेठेचे वाचन : चिकपेट, शहाजींचा दरबार आणि बहुभाषिकतेची दोन रूपे

शहर पायी हिंडणे ही साहित्यविचारात विसाव्या शतकापासून विशेष महत्त्व पावलेली कृती होय. वाल्टर बेन्यामिन यांनी पॅरिसच्या छताखालील बाजारगल्ल्यांच्या आधारे रमतगमत भटकणाऱ्या नागरिकाची प्रतिमा तपासली. मिशेल द सेर्तो यांनी १९८० मध्ये चालणे आणि बोलणे यांतील साधर्म्य मांडले. भाषाव्यवस्थेच्या संदर्भात उच्चाराचे जे स्थान, तेच नगररचनेच्या संदर्भात पावलांचे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या मांडण्यांत भाषांच्या अनेकत्वाला मध्यवर्ती स्थान नाही. जेथे एका दुकानातून दुसऱ्यात जाताना व्यवहाराची भाषाच बदलते, तेथे चालण्याचे स्वरूप काय असते, हा प्रश्न बेंगळुरूतील चिकपेट उपस्थित करते.

परंपरेनुसार पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये हे नगर वसवले. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे या रस्त्यांच्या छेदबिंदूपासून चार दिशांना बैलांचे नांगर चालवून नगराची आखणी झाली, अशी आख्यायिका आहे. ‘दोड्ड’ म्हणजे थोरली, ‘चिक्क’ म्हणजे धाकटी. दोड्डपेटे आज अव्हेन्यू रोड म्हणून ओळखली जाते आणि तेथे जुन्या पुस्तकांची विक्री चालते. धाकटीने मात्र आपले नाव राखले आणि रेशमी साड्यांच्या बाजारपेठेमुळे ते दूरवर पोचवले. भोवतालच्या पेठांची नावे वाचत जाणे हा एक भाषिक पाठच आहे : अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, बळेपेट बांगड्यांची, कुंबारपेट कुंभारांची, गाणिगरपेट तेल्यांची. ‘गाणिग’ या शब्दातील ‘गाण’ आणि मराठी ‘घाणा’ यांचे साम्य सहज लक्षात येते. ‘पेटे’ आणि ‘पेठ’ यांविषयी तर वेगळे सांगायला नको.

साम्याइतकाच भेदही बोलका आहे. पुण्याच्या अनेक पेठा वारांची नावे धारण करतात, तर सदाशिव, नारायण, नाना यांसारख्या पेठा व्यक्तींची. तेथे व्यवसायाची ओळख मुख्यतः आळीच्या पातळीवर टिकते, उदाहरणार्थ तांबट आळी किंवा बुरूड आळी. चिकपेटच्या परिसरात मात्र जिन्नस आणि कारागीर यांनाच पेठेचा दर्जा मिळालेला दिसतो. पुण्यालाही नांगराची कथा आहे : उद्ध्वस्त गावावर सोन्याचा नांगर फिरवल्याची. एका कथेत नांगर नव्या नगराची दिशा ठरवतो, दुसरीत तो शापित भूमीला पुन्हा वसतियोग्य करतो. ही दोन्ही नगरे सतराव्या शतकात एकाच व्यक्तीच्या जहागिरीत होती, ही गोष्ट या तुलनेला ऐतिहासिक आधार देते.

ती व्यक्ती म्हणजे शहाजीराजे भोसले. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बेंगळुरू घेतले आणि त्या मोहिमेतील शहाजींकडे ते जहागीर म्हणून आले. चिकपेट परिसरातील गौरीमहालात त्यांचे वास्तव्य होते असे परंपरा सांगते. पायी हिंडणाऱ्याला आज त्या वास्तूऐवजी दुकानांच्या रांगाच भेटतात. वास्तू नाहीशी झाली, पण तेथील भाषाव्यवहाराचा पुरावा मात्र एका ग्रंथात राहिला. तो ग्रंथ म्हणजे जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’.

वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये हा चंपू विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. राधाकृष्णाच्या कथेने आरंभ होणारी ही संस्कृत रचना पुढे शहाजींच्या दरबाराकडे वळते आणि तिच्या अखेरच्या भागात विविध देशभाषांतील पद्ये येतात. आपल्याला बारा भाषांत काव्य करता येते याची खूण म्हणून कवीने राजापुढे बारा नारळ ठेवले, असा प्रसंग त्यात आहे. इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाची पुष्कळ चर्चा झाली. बहुभाषिक काव्यरचना म्हणून मात्र मराठी वा कन्नड वाङ्मयेतिहासाने त्याला मध्यवर्ती स्थान दिलेले नाही. भाषानिहाय विभागलेल्या इतिहासात अशी कृती कोणाचीच ठरत नाही. तौलनिक अभ्यासाची खरी कसोटी येथेच लागते.

दरबार आणि पेठ ही बहुभाषिकतेची दोन रूपे आहेत. दरबारात अनेक भाषा एका श्रोत्यापुढे येतात, एकेक करून आपले सामर्थ्य दाखवतात, आणि त्यांची संख्या हाच गौरवाचा विषय ठरतो. पेठेत श्रोता एक नसतो. कन्नड, तेलुगू, तमीळ, दखनी, मारवाडी या भाषा तेथे एकाच सौद्यात मिसळतात. भाव एकीत सांगितला जातो, घासाघीस दुसरीत होते. दरबारी बहुभाषिकता लिहून ठेवली जाते, पेठेतील बोलून संपते. १६८७ मध्ये बेंगळुरू म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले आणि मराठी दरबारी परंपरा तंजावरात बहरली. पेठेचा व्यवहार मात्र चालूच राहिला.

या न लिहिलेल्या व्यवहारासाठी मराठीतच एक जुना नमुना उपलब्ध आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ श्रीचक्रधरांच्या पदस्पर्शाने पावन झालेल्या स्थानांची नोंद करते : गाव कोणते, दार कोणत्या दिशेला, एका स्थानापासून दुसरे कोणत्या बाजूस. भक्तीतून जन्मलेली ही पद्धती स्थान नाहीसे होण्यापूर्वी त्याची स्मृती शब्दांत स्थिर करते. चिकपेटच्या पोटातून २०१७ पासून मेट्रो धावते. प्रवासी पेठेच्या नावाने उतरतो, परंतु बळेपेटेतील ‘बळे’ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. नावांचे अर्थ व्यवसायांपासून सुटत चालले असताना पेठांची बहुभाषिक स्थानपोथी सिद्ध करणे हे अभ्यासकांपुढील निकडीचे कार्य आहे. तिच्याअभावी चिकपेटच्या बहुभाषिकतेची साक्ष केवळ दरबाराची राहील. पेठेची राहणार नाही.