दोरीवाचून उडणारे विमान

पतंग तुम्ही सर्वांनीच उडवला असेल. मांजा तुटला की पतंग आपला राहत नाही. पण एक छोटे विमान असे असते की, त्याला मांजाच नसतो, तरी ते आपल्या हुकमात राहते. ते रेडिओच्या लहरींवर चालते. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 साली असे विमान उडवून दाखवले. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेचा हवाई विभाग 1950 साली सुरू झाला. त्याची पहिली दोन पथके मुंबई व कोलकाता येथे निघाली. या विभागातील छात्र विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवायला शिकतात.

अशा विमानाचा तयार संच मिळतो. संचात आराखडा, लाकडाचे कापलेले तुकडे आणि बारीकसारीक सामान असते. लाकूड बाल्सा नावाच्या झाडाचे असते. हे झाड दक्षिण अमेरिकेकडचे. डहाणू-तलासरीच्या रानातली काटेसावर त्याच्याच कुळातली आहे. बाल्सा इतका हलका असतो की, हातात घेतल्यावर हे लाकूडच आहे का, असा प्रश्न पडतो!

आराखडा सपाट फळीवर पसरावा. त्यावर पातळ प्लास्टिक घालावे, नाहीतर सगळे विमान कागदालाच चिकटते. पंखाच्या फासळ्या आराखड्यावर टाचण्यांनी बसवून गोंदाने जोडाव्यात. गोंद पूर्ण वाळेपर्यंत टाचण्या काढू नयेत. घाई केली तर पंखाला पीळ पडतो आणि असे विमान सरळ उडत नाही. सांगाडा तयार झाला की त्यावर पातळ आवरण बसवतात. गरम इस्त्री फिरवली की ते ढोलाच्या कातड्यासारखे ताणले जाते.

आता मांज्याचे काम कोण करते? आपल्या हातातील यंत्र रेडिओलहरी सोडते. विमानातील ग्रहणयंत्र त्या पकडते आणि सर्वो नावाच्या चिमुकल्या मोटारींना हुकूम देते. एक सर्वो शेपटीवरची उभी पट्टी डावीउजवीकडे वळवते, दुसरी आडवी पट्टी वरखाली करते. पुढचा पंखा फिरवायला बॅटरीवरची वेगळी मोटार असते. तो पंखा बोट कापू शकतो, म्हणून सगळी तपासणी झाल्यावर शेवटी बसवावा.

माझे पहिले विमान पाच सेकंदांत पडले. महिनाभराची मेहनत चुरा झाली. गोंद नीट होता, मोटार नीट होती. मी फक्त तोल पाहिला नव्हता. पंखाची रुंदी 20 सेंटिमीटर असेल, तर पुढच्या कडेपासून 5 ते 6 सेंटिमीटर मागे दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून विमान उचलावे. ते आडवे राहिले किंवा नाक किंचित खाली गेले, तर ठीक. शेपूट खाली गेली, तर बॅटरी पुढे सरकवावी. शेपूट जड असलेले विमान नाक वर करते, त्याचा वेग जातो आणि ते कोसळते. माझे तसेच झाले.

उडवायला मोकळी जागा हवी. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे गाव गंजाड याच डहाणू तालुक्यात आहे. अशा गावात दिवाळीनंतर भात कापून झाले की खाचरे रिकामी होतात. बांधांमुळे विमान जमिनीवर धावू शकत नाही, म्हणून ते वाऱ्याच्या दिशेला तोंड करून हातानेच सोडावे. शेतमालकाला आधी विचारावे. तेथे उडवण्यास परवानगी आहे का, हे शासनाच्या ड्रोन-नकाशावर मोठ्यांकडून पाहून घ्यावे.

विमान दूर जाताना डावे ते डावेच असते. ते आपल्याकडे येऊ लागले की डाव्याचे उजवे होते आणि नवशिका गोंधळतो. यावर एक सोपी युक्ती आहे. आपल्याला ज्या बाजूचा पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला हातातली काडी न्यावी. पंख वर उचलला जातो. ही युक्ती सवयीची होईपर्यंत विमान उंच ठेवावे; उंचीवर चूक सुधारायला वेळ मिळतो.