निकडीच्या पिशवीत वहाणांचा एक जोड

पूर, आग किंवा भूकंप यांसारख्या प्रसंगी घर तातडीने सोडावे लागले, तर हाताशी असावी म्हणून एक पिशवी भरून ठेवावी, हा सल्ला आता बहुतेकांच्या परिचयाचा झाला आहे. तीत काय असावे याच्या याद्याही छापल्या जातात. विजेरी, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, औषधे, शिधापत्रिका, बँकेची कागदपत्रे यांचा उल्लेख त्यांत हटकून असतो. ज्या पायांच्या भरवशावर घराबाहेर पडायचे, त्यांच्यासाठी मात्र त्या यादीत सहसा काहीच नसते. धडधाकट माणसाच्या बाबतीत ही उणीव एखाद्या फोडावर किंवा ओरखड्यावर निभावून जाते. मधुमेहामुळे ज्याच्या तळव्यांची संवेदना गेली आहे, अशा रुग्णाला तीच उणीव पाय गमावण्यापर्यंत नेऊ शकते. म्हणून यंदाच्या अहवालात या विषयाची माहिती रुग्णांचे नातेवाईक, देणगीदार आणि विश्वस्त यांच्यापुढे ठेवीत आहोत.

नदीकाठची वस्ती आणि उंबऱ्याबाहेरची चप्पल

दापोडी हे दोन नद्यांच्या काठचे गाव आहे. मावळातून येणारी पवना येथेच मुळेला मिळते. पवनेवर मावळात पवना धरण आहे, तर मुळेवर मुळशीचे. घाटमाथ्यावर पावसाने जोर धरला आणि धरणांतून विसर्ग वाढला, की आपल्याकडे पाऊस थांबलेला असतानाही नदीचे पाणी चढू शकते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये मुळा-पवनेच्या काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले व अनेक कुटुंबांना घरे सोडून सुरक्षित जागी जावे लागले.

अशा वेळी पायांची अडचण नेमकी कोठे होते, हे समजण्यासाठी आपल्या घरांची रीत लक्षात घ्यावी. आपण पादत्राणे उंबऱ्याबाहेर, जिन्याखाली किंवा दाराशेजारच्या मांडणीत ठेवतो. घरात शिरणारे पाणी प्रथम तेथेच पोहोचते आणि हलक्या चपला सर्वांत आधी वाहून जातात. अंधारात, विजेचा प्रवाह बंद असताना, लहान मुले व वृद्ध यांना सावरीत निघालेला माणूस चपला शोधीत बसत नाही. तो अनवाणी निघतो. गढूळ पाण्याखाली फुटलेल्या काचा, पत्र्याचे तुकडे, खिळे, बाभळीचे काटे आणि उघडी गटारे असतात. यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नाही.

भूकंपाच्या वेळीही असेच घडते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर-उस्मानाबाद परिसरात पहाटे चारच्या सुमारास, माणसे गाढ झोपेत असताना भूकंप झाला. जपानमधील कोबे शहराचा १७ जानेवारी १९९५ चा भूकंपही पहाटेचाच. फुटलेल्या काचांवरून चालण्याची वेळ येऊ शकते म्हणून पादत्राणे बिछान्याजवळ ठेवावीत, असे जपानमध्ये नागरिकांना शिकवले जाते. अंथरुणाजवळ चप्पल ठेवणे आपल्याकडे रुचत नाही. निकडीच्या पिशवीतही औषधे, कागदपत्रे आणि कधी देवघरातील एखादी मूर्ती असते. तीत वहाणा ठेवण्यास घरातील वडीलधारी मंडळी सहजासहजी तयार होत नाहीत. त्यावर उपाय सोपा आहे. वहाणांचा जोड धुऊन, कोरडा करून वेगळ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी मोठ्या पिशवीच्या बाहेरून बांधावी. सोवळेही सांभाळले जाते आणि पायही.

न दुखणारी जखम

वेदना ही शरीराची राखणदार आहे. काटा रुतला की पाय आपोआप उचलला जातो. दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहात पायांचे मज्जातंतू क्षीण होतात आणि हा राखणदारच झोपी जातो. सुरुवातीला मुंग्या येतात, तळवे जळजळतात. पुढे स्पर्श कळेनासा होतो. पायातून चप्पल कधी निसटली, हे ज्याला समजत नाही, त्याला पाण्याखालचा खिळाही समजत नाही. त्यातच पायांचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल, तर जखम भरण्यास विलंब लागतो आणि वाढलेल्या साखरेमुळे जंतुसंसर्ग बळावतो.

पायाची संवेदना तपासण्यासाठी डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू वापरतात. तळव्याच्या ठरावीक जागी टेकवून तो वाकेपर्यंत दाबला, की १० ग्रॅमइतका दाब पडतो. डोळे मिटून बसलेल्या रुग्णाला हा स्पर्श कळला नाही, तर त्याच्या पायाचे संरक्षक भान गेले आहे असे समजतात. तपासणीस काही मिनिटेच लागतात आणि ती वेदनारहित आहे. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ती वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. मधुमेहामुळे पाय कापावा लागतो, तेव्हा बहुतांश वेळा त्याच्या आधी पायावर एक साधी जखम झालेली असते. ही गोष्ट भयावह असली तरी तीत आशाही आहे. कारण ती जखम टाळता आली किंवा वेळीच बरी झाली, तर बरेच पाय वाचू शकतात.

हा धडा वैद्यकशास्त्राला प्रथम कुष्ठरोगाने दिला. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडतात, अशी पूर्वी समजूत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बधिर झालेल्या हातापायांना नकळत होणाऱ्या इजा व त्यांत शिरणारा जंतुसंसर्ग हेच त्या हानीचे मोठे कारण आहे. तेव्हापासून मऊ तळाच्या पादत्राणांना औषधाइतके महत्त्व आले. मायक्रो सेल्युलर रबर, अर्थात एमसीआर, या मऊ रबराचा अस्तर म्हणून वापर केलेल्या चपला आज कुष्ठरुग्णांप्रमाणेच मधुमेही रुग्णांनाही दिल्या जातात.

ओल्या पायांचे विकार

पहिल्या महायुद्धात खंदकांतील थंड चिखलात दिवसचे दिवस उभ्या राहिलेल्या सैनिकांचे पाय सुजत, बधिर होत आणि प्रसंगी सडत. आपल्याकडे तशी थंडी नसली, तरी कोमट पाण्यात फार वेळ राहिलेली तळव्याची कातडीही पांढरी, सुरकुतलेली व हुळहुळी होते आणि थोड्या घर्षणाने सोलवटते. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या तर प्रत्येक पावसाळ्यात दिसतात. निरोगी माणूस त्या खाजवून विसरून जातो. मधुमेही माणसाच्या पायात मात्र चिखल्यांच्या भेगेतून जंतूंना आत शिरण्यास वाट मिळते.

पुराच्या पाण्यात उंदीर व जनावरे यांचे मूत्र मिसळलेले असते. त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप येऊ शकतो; त्याचे जंतू त्वचेवरील जखमांतून व भेगांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरच्या आठवड्यांत या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. लक्षणे बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात, कधी त्याहून उशिराही. म्हणून पाणी ओसरल्यानंतर महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळ्यांत लाली असा त्रास झाला, तर आपण पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या कोणी व किती घ्याव्यात, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

जादा जोड कसा असावा

पिशवीसाठी नवी कोरी पादत्राणे आणून ठेवणे योग्य नव्हे. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी देहूहून पंढरीस जाताना आपल्या दापोडीतूनच पुढे जाते. त्या वाटेवर अनुभव घेतलेला वारकरी सांगेल, की न रुळलेली वहाण पहिल्याच मजलेत पायाला चावते. जादा जोड काही दिवस घरात थोडा थोडा वेळ घालून रुळवावा आणि मगच ठेवावा.

हवाई चप्पल पुरात निरुपयोगी ठरते. ती चिखलात रुतते आणि प्रवाहात निसटते. टाचेमागे पट्टा असलेली, बोटे झाकणारी, जाड व न घसरणाऱ्या तळाची सँडल किंवा कॅनव्हासचा बूट चांगला. गमबूट पाणी ओसरल्यावर घरातील चिखल काढताना उपयोगी पडतात; परंतु खोल पाण्यात ते भरतात आणि जड होऊन माणसाला पाडतात.

माप पायांवर थोडी सूज असते तेव्हा, म्हणजे संध्याकाळी घ्यावे. कागदावर उभे राहून पायाची रेघ काढावी, तो आकार कापून बुटात सरकवावा. कागद दुमडला, तर बूट अरुंद आहे. ज्याला चावणारा बूट कळत नाही, त्याच्यासाठी ही परीक्षा विशेष महत्त्वाची आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरी सुरक्षा-बुटांचा जुना जोड असतो. काचा-पत्र्यांपासून तो उत्तम रक्षण करतो. मात्र बधिर पायांना त्याची पोलादी टोपी घासू शकते. शिवाय पॉलियुरेथेनचे तळ दमट हवेत न वापरता वर्षानुवर्षे पडून राहिले, तर आतून ठिसूळ होतात आणि चार पावले टाकताच भुगा होऊन सुटतात. म्हणून मे महिन्यात पिशवी उघडून प्रत्येक जोड वाकवून, घालून व चालून पाहावा. मुलांचे पाय वर्षभरात वाढतात, हेही विसरू नये.

जोडासोबत पुढील वस्तू ठेवाव्यात :

१. फिक्या रंगाचे सुती पायमोजे, प्रत्येकी तीन जोड. रक्ताचा वा पुवाचा डाग फिक्या रंगावर चटकन दिसतो.
२. साबणाची वडी व पाय पुसण्यासाठी वेगळा पंचा.
३. निर्जंतुक गॉझ, पट्टी, कागदी चिकटपट्टी व पोव्हिडोन आयोडीनचे मलम.
४. डॉक्टरांनी सुचविलेली बुरशीरोधक पावडर.
५. तळवा पाहण्यासाठी लहान आरसा आणि विजेरी.
६. आठवड्याची औषधे, औषधांच्या चिठ्ठीची प्रत व साखर उतरल्यास घेण्यासाठी ग्लुकोज.

निवाऱ्यात पोहोचल्यावर

सुरक्षित जागी पोहोचताच पहिले काम पायांचे करावे. स्वच्छ पाणी व साबणाने पाय धुवावेत, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. आरशात तळवा पाहावा. दृष्टी अधू असलेल्यांचे पाय घरातील दुसऱ्या कोणी तपासावेत. त्यानंतर कोरडे मोजे घालावेत. निवारा असेपर्यंत हे काम सकाळ-संध्याकाळ करावे. कोरड्या त्वचेस खोबरेल तेल लावावे. बेचक्यांत मात्र लावू नये. पादत्राण घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावे आणि आतून हात फिरवावा. खडे, खिळ्याचे टोक किंवा विंचू त्यात असू शकतो.

जखमेवर हळद, चहापूड, राख लावू नये. फोड फोडू नये. कुरूप ब्लेडने कापू नये. गारठलेले पाय शेगडीजवळ धरू नयेत किंवा गरम पाण्याने शेकू नयेत. बधिर पायाला भाजलेले कळत नाही. घाणेरड्या पाण्यातील जखम असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर ती पुन्हा घ्यावी. लाली, सूज, पू, दुर्गंध, काळपट रंग किंवा ताप यांपैकी एकही खूण दिसली, तर दुखत नाही म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात यावे. मधुमेही पायात एक दिवसाचा विलंबही महाग पडतो.

आपणांस विनंती

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती, की घरातील मधुमेही व्यक्तीच्या पादत्राणाचे माप औषधांच्या फाईलवर ठळक लिहून ठेवावे. पूर आल्यावर अन्न, कपडे आणि पांघरुणे घेऊन अनेक हात पुढे येतात. पण योग्य मापाचा, मऊ तळाचा जोड त्या गर्दीत मिळणे कठीण असते. मापे आधीच ठाऊक असली, तर मदत योग्य पायापर्यंत पोहोचते.

देणगीदारांना विनंती, की पायाचे भान गेलेल्या गरजू रुग्णांसाठी एमसीआर पादत्राणांचा जोड हेही औषधदानच मानावे. शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या देणगीचे फळ डोळ्यांना दिसते. न झालेली जखम कोणाला दिसत नाही. तिच्यासाठी समारंभ होत नाही, कोनशिला बसत नाही. तरीही आपल्या पायांनी कामावर जाणारा कर्ता पुरुष आणि घर सावरणारी गृहिणी यांच्या रूपाने ते दान वर्षानुवर्षे चालत राहते. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक घरातील पिशवी एकदा उघडली जावी आणि तीत पायांसाठी जागा व्हावी, एवढीच नम्र अपेक्षा.